चतुर्थीचं वासरू

रेल्वेच्या नोकरीनं मला दुसरं काही दिलं नसेल, पण पास दिला. परळच्या वर्कशॉपच्या कचेरीत मी कारकून होतो. वर्षातून ठरावीक वेळा देशात कुठेही जाऊन यायची सोय होती, आणि ती मी कधी वाया जाऊ दिली नाही. पासावर दोन माणसं लिहिलेली असायची. एक मी, आणि दुसरी माझ्यावर अवलंबून असलेली माझी विधवा आई. जायचो मात्र मी एकटाच. तिकीट तपासनीस पास उलटसुलट करून बघायचा आणि विचारायचा, "दुसरं माणूस कुठाय?" मी म्हणायचो, "आलं नाही." त्याला काय पडलंय! तो पेन्सिलीनं खूण करायचा आणि पुढच्या बाकाकडे वळायचा.

मी जत्रा बघत फिरायचो. पुष्करला उंटांच्या बाजारात धूळ खाल्ली. केरळात नदीकाठच्या चिखलात तासन् तास उभा राहून लांबच लांब होड्यांच्या शर्यती पाहिल्या. मद्रासकडच्या एका खेड्यात लोक निखाऱ्यांवरून चालताना पाहिले आणि माझेच तळवे चोळत बसलो. कचेरीत नवीन माणूस आला की हेडक्लार्क माझी ओळख करून द्यायचा, "ह्यांच्या पायाला भिंगरी आहे." मला ते ऐकायला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर मी भटक्या नव्हतो, पळपुटा होतो. हे सगळं फिरणं सुरू झालं ते भाद्रपदातल्या चतुर्थीला गिरगावात राहावं लागू नये म्हणून. बाकीच्या जत्रा मागाहून त्याला चिकटल्या.

मी एकोणीस वर्षांचा असताना वडील गेले, ते गणेश चतुर्थीच्या सकाळी. मूर्ती आदल्या दिवशी आणून पाटावर ठेवली होती, तोंडावर रुमाल झाकून. वडील सोवळं नेसून दूर्वा निवडायला बसले आणि बसल्या जागी कलंडले. पूजा सांगायला येणारे गुरुजी तेव्हा जिन्यात होते. ते वर आले आणि दारातूनच मागे फिरले. पूजा झालीच नाही. शेजारच्या काकांनी ती झाकलेली मूर्ती तशीच उचलून चौपाटीवर सोडली, आणि दुपारी आम्ही वडिलांना चंदनवाडीला नेलं. रस्त्यात सगळीकडे झांजा वाजत होत्या. आमच्यापुढे आल्या की थांबायच्या, आम्ही पुढे गेलो की पुन्हा सुरू व्हायच्या.

आमच्यात एक रीत आहे. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं तर तो सण त्या घरात बंद पडतो. पुन्हा सुरू व्हायचा तर त्याच तिथीला घरात मूल जन्मावं लागतं, नाहीतर घरची गाय व्यावी लागते. जीव गेला त्या दिवशी जीव यायला हवा, मग दार उघडतं. आता आमच्या घरात माणसं दोन. मी एकुलता आणि बिनलग्नाचा. गाय म्हणाल तर चाळीच्या दोन खोल्यांत आमचे आम्हीच कसेबसे मावत होतो. म्हणजे झालं, आमचा गणपती संपला. मी ते मनाशी धरून टाकलं होतं. आईनं धरलं नव्हतं.

गणपतीचा तो पाट तिनं वडिलांच्या उपरण्यात गुंडाळून कपाटावर ठेवला होता. श्रावण संपत आला की ती स्टूल घेऊन तो खाली काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची, पुन्हा गुंडाळून वर ठेवायची. एकदा मी चिडून म्हटलं, "कशाला उगाच त्रास करून घेतेस?" ती म्हणाली, "मला दुसरं काही नको रे. मी असेपर्यंत एकदा हा पाट भरलेला बघायचाय." तिचं मागणं इतकंच होतं. मी ते ऐकलं आणि पासाचा अर्ज भरायला घेतला.

गिरगावात त्या दिवसांत बंद घर घेऊन राहणं काय असतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. दोन्हीकडच्या खोल्यांत आरत्या, समोरच्या गॅलरीत आरती, खाली चौकात सार्वजनिक. नंतरच्या वर्षांत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचेही दिवस आले. भिंतीभिंतीवर गेरूनं 'झालाच पाहिजे' लिहिलेलं. चौकातल्या मखराशेजारी पोरांनी महाराष्ट्राचा नकाशा काढून मुंबईच्या जागी लाल दिवा लावला होता. अख्खी चाळ दोन-दोनदा नाचत होती, एकदा देवासाठी आणि एकदा राज्यासाठी. आमचं दार बंद. आपल्या सुतकी तोंडानं दुसऱ्यांच्या सणाला गालबोट नको, म्हणून आई दार लोटून घ्यायची आणि दिवसभर उघडायची नाही. पहिली दोन वर्षं मी तिच्याबरोबर आत बसलो. तिसऱ्या वर्षी मला ते सोसवेना. मी बॅग भरली.

तरणेतरची जत्रा बरोबर त्याच चतुर्थीला सुरू होते. सौराष्ट्रात, अगदी उजाड माळावर एक देऊळ, आणि भोवती तीन दिवस माणसांचा पूर. लग्नाचे मुलगे तिथे भरतकाम केलेल्या, आरसे लावलेल्या भल्यामोठ्या छत्र्या घेऊन उभे राहतात आणि मुली त्यांच्याकडे बघत फिरतात. मी तिथे पहिल्यांदा गेलो आणि नंतरही जात राहिलो. चळवळ ऐन भरात आली तेव्हा ते आमच्याच राज्यात होतं, मोठ्या द्विभाषिकात. कचेरीतल्या मित्राला हे कळलं तेव्हा त्यानं मला सर्वांसमक्ष धारेवर धरलं. "आम्ही इथे लाठ्या खातोय, आणि तू तिकडे छत्र्या बघायला चाललास? लाज कशी वाटत नाही रे?" मी म्हटलं, "छत्र्या चांगल्या असतात." त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

चळवळीत मी नव्हतो असं नाही. सभांना जायचो, मागच्या रांगेत उभा राहायचो, घोषणाही द्यायचो. पण गर्दीत मिसळायचं म्हटलं की माझं काहीतरी अडायचं. जत्रेचं बरं असतं. परक्या जत्रेत कोणी आपल्याला ओळखत नाही, आणि आपण कोणाचे नाही हे तिथे शोभून दिसतं. ज्याचं घर आहे त्यानं घरच्या सणात परक्यासारखं बसणं वेगळं. मला पहिलं जमायचं, दुसरं नाही.

एका वर्षी मी बॅग भरताना आईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हातारी माणसं येतात का रे तुझ्या त्या जत्रेला?"

"येतात की. पण गर्दी फार असते," मी म्हटलं.

"हो ना. गर्दी असणारच," ती म्हणाली, आणि वाटेत खायला दिलेलं दशम्यांचं पुडकं तिनं दोरीनं बांधलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज मात्र ते पुडक्याला गाठ मारणारे हात डोळ्यांसमोर येतात आणि स्वतःच्या दोन कानशिलात माराव्याशा वाटतात.

मग गाय आली. आईचं माहेर प्रभादेवीचं. माहेरची माणसं पांगली होती, पण त्या गल्लीच्या टोकाला जुना गोठा होता आणि त्यातला गवळी तिला लहानपणापासून ताई म्हणायचा. आई दर मंगळवारी प्रभादेवीच्या गणपतीला जायची आणि येताना गोठ्यात डोकावायची. एका मंगळवारी ती परत आली ती हातातल्या पाटल्यांशिवाय. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "गाय घेतली."

मला आधी वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण नाही. गाय गवळ्याच्याच गोठ्यात राहणार, दूधही त्याचंच, मालकी मात्र आईची. म्हणजे गाय घरची झाली. आता ती चतुर्थीला व्याली की सण मोकळा.

"अगं, पण ती नेमकी त्याच दिवशी कशी विणार?"

"तुझं लग्न लावलं तरी पोर नेमकं त्याच दिवशी होईल याची काय हमी? आणि तू तर लग्नालाही उभा राहत नाहीस. गाय बरी. निदान सांगितलेलं ऐकते." असं म्हणून ती हसली. समोरच्या भिंतीवरच्या गेरूच्या अक्षरांकडे बोट करून म्हणाली, "त्यांचं राज्य होईल तेव्हा होवो. आपलं वासरू झालंच पाहिजे."

वडील गेल्यानंतर ती अशी हसलेली मी फारशी पाहिली नव्हती. मलाही हसू आलं. पण मनातून मला ते सगळं खुळचट वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

दिवाळी झाली आणि ती हिशेबाला लागली. गाय साधारण नऊ महिने नऊ दिवसांनी विते. म्हणजे भाद्रपदातल्या चतुर्थीपासून मागे मोजत यायचं आणि गाय केव्हा फळवायची ते गवळ्याला सांगून ठेवायचं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पंचांगातली बारीक अक्षरं तिला लागत नव्हती. भाऊबीज होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. मी पुष्करच्या जत्रेसाठी पासाचा अर्ज लिहीत होतो. ती शेजारी येऊन बसली.

"जरा मोजून सांग ना. नऊ महिने नऊ दिवस मागे."

मी मान वर न करता कचेरीच्या कॅलेंडरावर बोटं नाचवली आणि म्हटलं, "त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास येतं."

"पुढच्या वर्षी अधिक महिना नाही ना रे? मागचा येऊन तीन वर्षं होत आली असतील."

"छे गं. आत्ताच तर झाला."

"बघून सांग हं. दाराआड पंचांग आहे."

"सांगितलं ना, नाही म्हणून."

ती बरं म्हणाली आणि उठली. दाराआडचं पंचांग मी काढलं नाही. पुढच्या वर्षाचं पंचांग अजून आलेलं नव्हतं हे खरं, पण जुन्यावरून बोटावर मोजता आलं असतं. अधिक महिना तिसऱ्या वर्षी येतो हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला अर्ज पुरा करून टाकायचा होता. एवढंच. दुसरं काही कारण नाही, असतं तर बरं झालं असतं.

त्या मंगळवारी ती प्रभादेवीला गेली आणि गवळ्याला सांगून आली. गवळी म्हणाला होता, "ताई, गाय काय पंचांग बघून माजावर येते होय?" पण नशिबानं साथ दिली. त्रिपुरीच्या दुसऱ्याच दिवशी गाय फळली. मी तेव्हा पुष्करला तळ्याच्या पायऱ्यांवर बसून लोकांनी पाण्यात सोडलेले दिवे बघत होतो.

हिवाळाभर आई खुशीत होती. शेजारच्या काकूंना सांगायची, चाळीतल्या कोणालाही सांगायची, "पुढच्या वर्षी आमच्याकडे या हं दर्शनाला." मग पाडवा आला. पाडव्याला नवीन पंचांगाची पूजा करून ते वाचायचं, ही आमच्या घरची पद्धत. वडील वाचायचे, त्यांच्यानंतर मी. आई पदर सावरून समोर बसली. पाऊस किती, पीक कसं, संक्रांत कशावर बसलीय, असं वाचत मी महिन्यांच्या यादीवर आलो. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. त्याखाली लिहिलं होतं, अधिक श्रावण.

म्हणजे श्रावण दोन. म्हणजे भाद्रपद महिनाभर पुढे. गाय फळवायची होती ती दत्तजयंतीच्या सुमाराला, आणि मी सांगितली होती त्रिपुरी.

मी ती ओळ गाळली. आषाढ वाचला आणि थेट श्रावण वाचला. आवाजही बदलू दिला नाही. आईनं पंचांगाला नमस्कार केला आणि कडुनिंबाची चटणी माझ्या हातावर ठेवली. कडू लागली म्हणून मी तोंड वाकडं केलं, तर ती म्हणाली, "खा, वर्षभर बरं राहशील."

असं किती दिवस लपणार होतं? आषाढ अर्धा सरला आणि काकू अधिकातल्या अनारशांसाठी तांदूळ भिजत घालायचं बोलायला आमच्याकडे आल्या. मी आतल्या खोलीत होतो. काकूंचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. संध्याकाळी जेवायला वाढताना तिनं एकच वाक्य उच्चारलं. "पाडव्याला पंचांग तू नीट वाचलं नाहीस." त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, माझा स्वभाव तसाच आहे. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. तिनं मला आणखी आमटी वाढली.

गाईनं मात्र शब्द पाळला. अधिक महिना संपून खरा श्रावण लागला आणि चौथ्या दिवशी दुपारी गवळी धापा टाकत जिना चढून आला. गोऱ्हा झाला होता. शुद्ध चतुर्थीला. तिथी अचूक, महिना चुकीचा. गवळी बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "ताई, चतुर्थी साधली होती हो. महिना तेवढा हुकला. मोजलं कोणी?"

मी तिथेच उभा होतो. आई म्हणाली, "मीच मोजलं. डोळ्यांनी दिसत नाही रे आता नीट." तिनं त्याला गूळ-खोबरं दिलं, पाणी दिलं, गाईची चौकशी केली. तो गेल्यावर स्टूल घेऊन कपाटावरचा पाट काढायला गेली. मी म्हटलं, "थांब, मी देतो." ती म्हणाली, "राहू दे. मला सवय आहे."

एवढं होऊनही त्या भाद्रपदात मी घरी थांबलो नाही. उलट आणखी लांब गेलो. तिच्यासमोर तो दिवस काढायची माझी छाती नव्हती. ओरिसात संबळपूरकडे नव्या तांदळाचा सण असतो. एका छोट्या स्टेशनावरच्या कारकुनाशी प्रवासात ओळख झाली, तो मला घरी घेऊन गेला. त्या दिवशी तिथे कुठून कुठून माणसं घरी परत येतात. कोणी कलकत्त्याहून आलेला, कोणी खाणीतून. सगळे एका ओळीत बसतात, घरातली मोठी बाई पानावर नव्या भाताचा घास वाढते, तो खाऊन धाकटे मोठ्यांच्या पाया पडतात. मीही ओळीत बसलो, घास खाल्ला आणि त्या बाईच्या पाया पडलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. कारकुनानं मला हिंदीत सांगितलं, "अम्मा विचारतेय, तुम्हाला आई आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

ती पुन्हा बोलली. कारकून जरा घुटमळला आणि म्हणाला, "विचारतेय, मग आज तुम्ही इथे कसे?"

माझी इतक्या वर्षांची भटकंती, आणि हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो, सुट्टी, पास, असलं काहीतरी. त्यानं तिला काय सांगितलं कोण जाणे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं मला आणखी एक घास वाढला. परतीच्या गाडीत मी ठरवलं की पुढच्या वेळी आईला बरोबर घ्यायचं. नाही म्हणाली तर घरी थांबायचं. खरंच ठरवलं होतं. पण घरी आल्यावर ते बोलायला तोंड उघडेना, आणि दिवाळीनंतर मी पुन्हा एकटाच सोनपूरच्या जत्रेला गेलो. म्हटलं, भाद्रपद अजून लांब आहे.

माघात आईला ताप आला. चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी डॉक्टर आणले, सातव्या दिवशी ती गेली. मी जवळ होतो. शेवटी तिचं बोलणं अस्पष्ट झालं होतं. मला म्हणत होती त्यातलं एकच कळलं, की दूध उतू जाईल, बघ.

कचेरीत पासाचा अर्ज नव्यानं करायला हेडक्लार्कनं बोलावलं. पहिल्या अर्जातल्या तिच्या नावावर त्यानं पट्टी धरून तांबडी रेघ ओढली आणि हळूच म्हणाला, "आता एकट्याचाच." मला ओरडून सांगावंसं वाटलं की आधीही एकट्याचाच होता. मी खाली सही केली.

आई गेल्यावर वर्षभर सण करायचा नाही, जत्रा करायची नाही. तेवढी एक रीत मी निमूट पाळली. त्यामुळे त्या भाद्रपदात कित्येक वर्षांनी मी चतुर्थीला घरी होतो. आई लोटायची तसं दार लोटून घेतलं. कुठे बसावं कळेना, म्हणून ती बसायची तिथे बसलो, काकूंच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीशी. मागे टेकायला गेलो तर डोक्याच्या जरा खाली भिंतीवर तेलाचा डाग होता, ताटलीएवढा. तो डाग मी रोज बघत आलो होतो. कधी मनात आलं नव्हतं की हा कशाचा. तिकडे आरती सुरू झाली. भिंतीला डोकं लावलं की शब्द स्पष्ट ऐकू येत होते, टाळ्यासुद्धा, काका कुठे चुकले आणि काकूंनी कसं सावरून घेतलं तेसुद्धा. म्हणजे ती नुसती बसत नव्हती. दरवर्षी ती आरती ऐकत होती, भिंतीला डोकं टेकून, एकटी. तेव्हा मी कुठल्यातरी माळावर छत्र्या बघत होतो. मी तिथे बसून रडलो. माझ्या वयाच्या माणसानं रडावं तसं नाही, पोरासारखा रडलो.

दुपारी कोणीतरी दार वाजवलं. उघडलं तर गवळी. धोतराला शेणाचे डाग, तोंडभर हसू, आणि मला बघून ते हसू ओसरलं.

"गाय व्याली," तो म्हणाला. "आत्ता, तासाभरापूर्वी. कालवड झाली."

मला कळेना. गाईचा मला विसरच पडला होता.

"ताई मागच्या त्रिपुरीला आल्या होत्या ना गोठ्यात," तो सांगू लागला. "तुम्ही गावाला होता. कोणा पोरीकडून पंचांग वाचून घेतलेलं, बोटांवर मोजून दाखवलं मला. म्हणाल्या, या खेपेला अधिक नाही, मी तीनदा विचारून घेतलंय. दोन दिवसांत गाय फळवली. मला म्हणाल्या, लेकाला आत्ता सांगू नकोस. झालं की सांग. त्याला उगाच जिवाला लागेल."

तो आत आला नाही. सुतकाच्या घरात पेढे मागू नयेत हे त्याला कळत होतं. मी गूळ आणून त्याच्या हातावर ठेवला तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "आज चतुर्थीच आहे ना? मी रस्त्यात दोघांना विचारून खात्री केली."

"आज चतुर्थीच," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी आत आलो. कपाटाखाली उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हटलं, "आई, कालवड झाली गं. आजच." एवढ्या मोठ्यानं की भिंतीपलीकडचं बोलणं थांबलं. मग मी दार पुन्हा लोटलं नाही. तसंच उघडं ठेवलं. पुढच्या भाद्रपदात, राज्य झालं त्या वर्षी, मी तो पाट मांडला आणि मूर्ती आणली. ती कुठल्या दिशेला तोंड करून बसवायची ते मला आठवेना. देशभरचे सण पाहिलेल्या माणसाला ते शेजारी जाऊन विचारावं लागलं.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. दार उघडं दिसलं म्हणून काकू झाकलेली ताटली घेऊन आल्या. केळीच्या पानावर दोन मोदक होते. ताटली खाली ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्या ओशाळल्या. "मेली सवय," म्हणाल्या. "दरवर्षी दोन आणायची ना. एक त्या खायच्या आणि एक तुझ्यासाठी झाकून ठेवायच्या. मी म्हणायची, अहो, तो आठ दिवसांनी येणार, मोदक राहतो का तोवर? तर म्हणायच्या, असू दे, लवकर आला तर?"

मला हे तिनं कधीच सांगितलं नव्हतं. मी परत यायचो तेव्हा जाळीचं कपाट धुऊन पुसून ठेवलेलं असायचं.

काकू गेल्यावर मी एक मोदक खाल्ला. दुसरा वाटीखाली झाकून जाळीच्या कपाटात ठेवला. चौथ्या दिवशी त्याला वास आला, तेव्हा काढून टाकला आणि कपाट धुऊन घेतलं.